भिगवणपर्यंत जाऊनही कोरडेच परतलो: ढग उभे राहिले, मग वळीव का आला नाही?

प्रश्न (वळीवप्रेमी, कोथरूड)

मे महिन्यात वळवाच्या ढगांमागे पुण्याच्या पूर्वेकडील माळरानांवर भटकण्याचा आम्हा मित्रांचा छंद आहे. परवा पारा ४० अंशांपर्यंत चढला होता आणि अंदाजातही मेघगर्जनेसह पावसाची शक्यता होती. यवतजवळच्या भुलेश्वरच्या डोंगरावरून दुपारी पूर्वेला ढगांचे मनोरे उभे राहताना दिसले, म्हणून पाटस, कुरकुंभ करीत थेट भिगवण गाठले. मात्र प्रत्येक ढगाची तीच गत झाली: रेखीव, गुबगुबीत माथा पाहता पाहता धूसर व्हायचा, बुंध्यापासून तुटायचा आणि विरून जायचा. दिवसभरात टिपूसही पडला नाही, याची फार रुखरुख लागली आहे. इतका उकाडा असूनही असे का व्हावे आणि निघण्यापूर्वी ते ओळखता आले असते का?

उत्तर (मेघनिरीक्षक, औंध)

नुसत्या उकाड्याने वळीव येत नाही. जमिनीलगत पुरेशी आर्द्रता हवी आणि वर चढणाऱ्या हवेला अडवणारा, उंचावरील उबदार व कोरड्या हवेचा थर भेदला जायला हवा. या थराला अभ्यासक ‘झाकण’ म्हणतात. आपण वर्णन केलेला धूसर होणारा माथा फार बोलका आहे. ढग झाकणातून कसाबसा वर आला, पण भोवतालची कोरडी हवा त्यात मिसळली, थेंबांचे बाष्पीभवन झाले आणि त्या गारव्याने ढगाची उभारीच संपली. निघण्यापूर्वी तापमानाऐवजी दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा; तो जितका जास्त, तितकी हवा दमट. दुपारी तो झपाट्याने उतरत असेल, तर वरची कोरडी हवा खाली मिसळते आहे असे समजावे. मुंबईहून पहाटे सोडल्या जाणाऱ्या, उंचीनुसार तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या फुग्याच्या नोंदींवरून झाकणाचा अंदाज येतो. मात्र मुंबई समुद्रकाठी, तर पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हे त्या नोंदी वाचताना ध्यानात ठेवावे.

उत्तर (माळरान, बारामती)

त्यात एक भर घालतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा, कॅन्सासच्या मैदानांवरील वादळांच्या पाठलागाची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे मेक्सिकोच्या आखातावरून बाष्प येते आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग इतका बदलतो की, पाऊस ढगाच्या चढत्या प्रवाहापासून दूर पडतो आणि एकच वादळ तासन्‌तास टिकते. आपल्याकडे मे महिन्यात वरचे वारे बहुधा मंद असतात. पाऊस चढत्या प्रवाहातच कोसळतो आणि ढग तासाभरात संपतो. त्यामुळे दूरवर दिसणाऱ्या ढगामागे धावल्यास आपण पोहोचेपर्यंत तो मावळलेला असतो. त्याऐवजी कोसळत्या ढगातून सुटणाऱ्या गार वाऱ्याची धुळीची कड शोधावी, कारण ती पुढची हवा उचलते आणि नवा ढग बहुतेक वेळा तिच्यावरच उभा राहतो. परवा एकही ढग धड कोसळला नाही, म्हणून ही साखळी सुरूच झाली नाही. कोरड्या ठरलेल्या दिवसाची छायाचित्रे मात्र वेळेसह जपून ठेवावीत. ढग कोणत्या उंचीवर अडला, हे त्यांतून फार छान कळते.

उत्तर (मेघनिरीक्षक, औंध)

धुळीच्या कडेचा मुद्दा अगदी योग्य आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर जवळपास पडणाऱ्या विजा दिसतात, त्यावरून कोणता ढग खरोखर तयार झाला हे ओळखता येईल. पुढच्या वेळी भुलेश्वरला थांबलात, तर गडगडाट ऐकू येताच डोंगरमाथा सोडून बंद गाडीत बसावे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना ३ ने भागले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते, पण १० किलोमीटरवरची वीजही सुरक्षित मानू नये.