चार नगरसेवक, पण विचारायचं कोणाला?

प्रेषक: मोहनकाका (नौपाडा, ठाणे)
विषय: उत्तर: ठाण्यात यंदा कोणाला मत दिलंत?

सप्रेम नमस्कार मंडळी,

मुलाकडे मेलबर्नला आलो होतो तेव्हा संदीपने मला तिथल्या मराठी मंडळींच्या या ईमेल यादीत घातलं, परत गेल्यावर काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. आता भोगा.

१५ जानेवारी २०२६ला महापालिकेच्या निवडणुकीत कोणाला मत दिलं ते सांगणार नाही. किती जणांना दिलं ते सांगतो. चौघांना. ठाण्यात नगरसेवकांच्या जागा १३१ आणि प्रभाग ३३. बत्तीस प्रभाग चौघांचे, एक तिघांचा. मशीनसमोर उभं राहायचं आणि अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजी 'ड'ला येईपर्यंत 'अ'मध्ये कोण होतं ते विसरल्या होत्या, आणि तसं त्या मोठ्याने म्हणाल्यासुद्धा.

२०११च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती १८ लाख ४१ हजार. १३१ने भागलं तर एका नगरसेवकामागे चौदा हजार माणसं येतात. पण चौघं मिळून एकाच प्रभागाचे, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात छप्पन्न हजार. तेही २०११चे. त्यानंतर कासारवडवली, ओवळा भागात जे टॉवर उभे राहिले, त्यांतली माणसं प्रभाग आखणाऱ्याच्या हिशेबात नाहीतच.

मी पस्तीस वर्षं वागळे इस्टेटीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. स्टोअरची किल्ली चौघांकडे असली की माल कमी भरल्यावर चौघंही एकमेकांकडे बघतात. आमच्या गल्लीतलं गटार पावसाळ्यात तुंबलं तेव्हा नेमकं तेच झालं. एक म्हणाला हा पट्टा दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणाला निधी तिसऱ्याने वळवला, तिसऱ्याचा फोन लागेना. चौथ्या बाई सज्जन, त्या येऊन बघून गेल्या. गटार तुंबलेलंच होतं.

गंमत म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे एक मत, अलीकडे चार. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा आणि वेगळा, तिथे २२७ जागा आणि २२७ प्रभाग. आमचा कायदा १९४९चा. नवी मुंबईत तर २०१५ला १११ जागांना १११ प्रभाग होते, यंदा त्याच १११ जागा २८ प्रभागांत कोंबल्या. आपला नगरसेवक कोण हे त्या लोकांना माहीत होतं. आता तेही आमच्यासारखे झाले.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. विधानसभा पुरते. २०१९नंतर सरकारं बदलली तशी याच कायद्यात एकचा प्रभाग झाला, मग तीनचा, मग चारचा. म्हणजे करता येतं हे सगळ्याच पक्षांनी सिद्ध केलंय. पॅनलमध्ये, म्हणजे अशा अनेकांच्या प्रभागात, एक वजनदार माणूस तीन हलक्यांना ओढून नेतो, तिकिटं वाटायला सोपं जातं, म्हणून एकच्या प्रभागावर कोणी टिकत नाही. महिलांच्या आणि इतर आरक्षणाला पॅनल सोयीचं पडतं असंही सांगतात. मुंबईत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि एकाच्याच प्रभागात नीट बसल्या आहेत.

राजकारण सुधारायच्या पुष्कळ कल्पना या यादीवर वाचल्या. चांगली माणसं हवीत, शिकलेली हवीत, तरुण हवीत. माझी मागणी त्यामानाने फारच किरकोळ. एका भागाला एक माणूस द्या. चोर असला तरी चालेल, पण एकच द्या.

मोहनकाका

---

प्रेषक: अमृता (पॉइंट कुक)
विषय: उत्तर: ठाण्यात यंदा कोणाला मत दिलंत?

काका, नमस्कार! तुम्हाला यादीतून कोणीही काढणार नाही, मी संदीपला तसं बजावलंय.

तुम्ही म्हणता ते इथे आत्ताच घडलंय. व्हिक्टोरियाच्या २०२०च्या कायद्याने शहरातल्या बहुतेक काउन्सिलांमध्ये (म्हणजे इथल्या महापालिकांमध्ये) एका वॉर्डाला एकच काउन्सिलर ठरवला, आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्याप्रमाणे निवडणूक झाली. आमच्याकडेही आधी एका वॉर्डात अनेक जण होते. मतपत्रिका पोस्टाने घरी येते, सोबत उमेदवारांची माहिती. नाही दिलं मत तर दंडाची नोटीस. माझ्या नवऱ्याने एकदा भरलाय.

पण मला दुसरंच विचारायचंय. मी इथे नागरिक नव्हते, नुसती पीआर (कायमची रहिवासी) होते, तेव्हाही काउन्सिलला मत देऊ शकले, कारण घर माझ्या नावावर होतं आणि रेट्स, म्हणजे घरपट्टी, मी भरत होते. नेरुळचा फ्लॅट गेली कित्येक वर्षं माझ्या नावावर आहे, मालमत्ता कर वेळेवर भरते, सवलत मिळते म्हणून आधीच भरते. मग नवी मुंबई महापालिकेला मला मत का नाही? कर घेताना माझा पासपोर्ट कोणी बघत नाही.

तुमच्या सुधारणांच्या यादीत माझी ही एक घाला.

अमृता

---

प्रेषक: शिरीष (ग्लेन वेव्हर्ली)
विषय: उत्तर: उत्तर: ठाण्यात यंदा कोणाला मत दिलंत?

एकचा प्रभाग करा नाहीतर दहाचा, निवडून येणार तेच. खरं बोलायचं तर गेली काही वर्षं नगरसेवक नव्हते तेव्हाच बरं चाललं होतं. नवी मुंबईत २०२० ते २०२६ नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेला प्रशासक. शहरांच्या स्वच्छतेचे क्रमांक लावणाऱ्या २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. कोणी बॅनर लावले नाहीत, कोणी टेंडरवर भांडलं नाही. एक आयएएस अधिकारी, एक सही, काम झालं. मोहनकाकांना एकच माणूस हवाय ना? तोच होता की.

शिरीष

---

प्रेषक: संदीप (यादीचा राखणदार)

मंडळी, नियम आठवा: पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही, व्हॉट्सॲपवरचं पुढे ढकललेलं नाही. आतापर्यंत सगळे शहाण्यासारखे वागलात म्हणून चालू ठेवतोय. गुढीपाडव्याच्या जेवणाची नोंदणी वेगळ्या मेलमध्ये आहे, तिकडेही थोडा उत्साह दाखवा.

---

प्रेषक: मोहनकाका (नौपाडा, ठाणे)
विषय: प्रशासक आणि अमृताचा फ्लॅट

शिरीष, तुझा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या कट्ट्यावर निम्मे लोक हेच म्हणतात. पण २०२०च्या सर्वेक्षणातही नवी मुंबई तिसरीच होती, आणि ती पाहणी झाली तेव्हा नगरसेवक जागेवर होते, त्यांची मुदत मे २०२०ला संपली. म्हणजे झाडू मारणारे तेच, गाड्या त्याच, क्रमांकही तोच. प्रशासकाचं श्रेय त्यात नेमकं किती?

तू एक सही म्हणतोस ती कशी चालते ते बघ. आयुक्त प्रस्ताव तयार करतो. एरवी तो स्थायी समितीपुढे जातो, महासभेपुढे जातो, तिथे आरडाओरड होते, कधी सौदेही होतात, मी नाही म्हणत नाही. प्रशासक आला की स्थायी समितीही तोच आणि महासभाही तोच. मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. अंदाजपत्रकसुद्धा तसंच. मला एकच माणूस हवा होता तो विचारण्यासाठी. या साहेबाला विचारणार कोण? त्याची बदली मंत्रालयातून होते, त्यामुळे त्याची मान मंत्रालयाकडे वळलेली असते. त्यात त्याचा दोष नाही.

आणि हे दिवस कायदा वाकवून आलेले. घटनेच्या २४३यू कलमात महापालिकेची मुदत पाच वर्षं लिहिली आहे, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पुरी झाली पाहिजे असंही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किशनसिंह तोमर खटल्यात हे निवडणूक आयोगांना ठणकावून सांगितलं होतं. ठाण्याची मुदत मार्च २०२२ला संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागांच्या आखणीवरून ओढाताण. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी जानेवारी २०२६ उजाडला. नवी मुंबईची पोरं दहावीतून पदवीपर्यंत पोचली तेवढ्यात.

यावर माझा उपाय असा. प्रशासक नेमायची वेळ आलीच तर सहा महिन्यांनंतर त्याचे हात बांधा. पगार, पाणी, कचरा, दवाखाना चालू राहील एवढाच खर्च. नवा कर नाही, वर्षानुवर्षांचं नवं टेंडर नाही, भूखंडाचा निर्णय नाही. मग बघा, निवडणूक लांबवण्यात किती जणांना रस उरतो. आणि प्रभाग आखायचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्या. मार्च २०२२मध्ये ते सरकारने कायदा करून स्वतःकडे घेतलं. ज्याला निवडणूक लढायची त्याच्याच हातात नकाशा आणि पेन्सिल, हे कोणत्याही पक्षाचं सरकार असलं तरी बरं नाही.

आता अमृता. तुझा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर २०१०च्या दुरुस्तीपासून लोकसभा-विधानसभेच्या यादीत ६अ अर्ज भरून नाव घालता येतं, मत द्यायला मात्र जातीने यावं लागतं. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट घेतला असशील तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मत नाही. त्याबद्दल कितीही वाद घाल, पण कर भरते म्हणून मत हवं हे मला पटत नाही. तू नेरुळला कर भरतेस, मान्य. पण पाणी येतं की नाही हे तुझ्या भाडेकरूला कळतं. तिथे धुणंभांडी करायला तुर्भ्याहून येणाऱ्या बाईच्या नावावर घर नाही, आणि रस्त्यातला खड्डा तिच्याच पायाखाली असतो. इंग्रजांच्या काळी नगरपालिकेचं मत कर भरणाऱ्यालाच होतं, ते मोडायला फार काळ लागला. शिवाय घोडबंदरला गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट एवढे आहेत की त्यांचे मालक मत द्यायला लागले, तर प्रभागाचा निकाल सिंगापूर आणि दुबईत लागेल.

रागावू नकोस. तुला मत नाही, पण हिशेब मागायचा अधिकार असावा हे मला पूर्ण मान्य आहे. त्याबद्दल पुढे लिहीन, आत्ता जेवायला बोलावतायत.

मोहनकाका

---

प्रेषक: प्रणव (ऐरोली, सध्या क्लेटन)
विषय: उत्तर: प्रशासक आणि अमृताचा फ्लॅट

काका, एक माणूस म्हणताय तर रस्त्याचंही घ्या ना. मी ऐरोलीहून घोडबंदरला कॉलेजच्या मित्राकडे जायचो. एकाच प्रवासात महापालिका बदलते, मग सार्वजनिक बांधकाम खातं, मग मेट्रोच्या खांबांपाशी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण. खड्डा कोणाच्या हद्दीत आहे हे त्यात पडणाऱ्याला कसं कळणार? नवी मुंबईत तर स्टेशनं शहर वसवणाऱ्या सिडकोने बांधली, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसी या औद्योगिक महामंडळाचा, सायन-पनवेल रस्ता बांधकाम खात्याचा. प्रत्येक रस्त्यावर पाटी हवी: मालक कोण, कंत्राटदार कोण, दुरुस्तीची हमी कधीपर्यंत. इथे माझ्या गल्लीत पाइप टाकायला खणलं तरी कुंपणावर फोन नंबर असतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झालं तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली, आणि ती दोषी कंत्राटदार-अधिकाऱ्याकडून वसूल करायला सांगितली. पण पाटीच नसेल तर अर्ज कोणाच्या दारात टाकायचा, यावरच पहिला महिना जाईल.

आणि बिनविरोधचं काय? ठाण्यातही काही जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या ना? आयोगाने २०१८मध्ये सांगितलं होतं की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. मग एकच उमेदवार उरला तर नोटाशी त्याची लढत का लावत नाहीत?

प्रणव

---

प्रेषक: अमृता (पॉइंट कुक)
विषय: उत्तर: उत्तर: प्रशासक आणि अमृताचा फ्लॅट

प्रणवच्या नोटाला माझं अनुमोदन, आता मतदान नाही पण इथे तरी मोजा.

काका, रागावले नाही, पण पटलंही नाही. माझ्या भाडेकरूचं नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे. म्हणजे फ्लॅट नेरुळचा, आणि त्या फ्लॅटमागे मत कोणाचंच नाही! तुमची बाई तुर्भ्याला मत देते, नेरुळच्या खड्ड्याचं काय? ज्याच्या पायाखाली खड्डा त्याचं मत म्हणायचं तर यादी आधी दुरुस्त करा. हिशेबाचा अधिकार म्हणालात, तो कसा मिळवायचा ते सांगा.

---

प्रेषक: मोहनकाका (नौपाडा, ठाणे)
विषय: हिशेब

अमृता, साताऱ्याचा मुद्दा पक्का आहे. त्याला तोड नाही माझ्याकडे. भाडेकरूला फोन करून नाव हलवायला सांग, घरभाडं वाढवताना अट घाल हवं तर.

प्रणव, बिनविरोधवाल्यांना नोटाशी लढवावं ही कल्पना मी उद्याच कट्ट्यावर माझी म्हणून सांगणार आहे.

हिशेबाचं असं आहे. खेड्यात ग्रामसभा असते, सरपंचाला उभं करून विचारता येतं. शहरासाठी राज्याने २००९मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. आमच्या प्रभागात ती भरलेली मी तरी पाहिली नाही. ती भरवली तर निधीचा कागद तिच्यापुढे यायला हवा. पुण्यात २००६पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं अर्ज भरून सुचवतात. पदपथ, दिवे, बाक, असली छोटीच कामं, पण ती कुठल्या प्रभागासाठी हे लिहिलेलं असतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत अंदाजपत्रकाचं पुस्तक एवढं जाड, पण माझ्या गल्लीवर किती खर्च झाला हे त्यात शोधून दाखवा.

पैशाचंही बघ. पूर्वी ठाण्याला जकात होती, नवी मुंबईला उपकर. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि २०१७ला जीएसटी आल्यावर राज्याकडून नुकसानभरपाईचा हप्ता येतो. हक्काची मोठी कमाई म्हणजे मालमत्ता कर आणि बांधकामाच्या परवानग्यांचं शुल्क. घरपट्टी वाढवायला कोणी धजत नाही, त्यामुळे इमारती उभ्या राहतील तेवढीच तिजोरी भरते. ज्या शहराची कमाई टॉवरवर चालते ते टॉवरला नाही कसं म्हणेल? आणि पाणी? नवी मुंबईने मोरबे धरण स्वतःचं करून घेतलं, तुमच्या नेरुळला म्हणून बरं आहे. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. भातसा धरण, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चौघांकडून आमची बादली भरते. तिथेही चौघंच, बघ.

तर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. दहा रुपये, तीस दिवस. आमच्या प्रभागात प्रशासकाच्या काळात कोणकोणती कामं मंजूर झाली, कोणत्या गल्लीत, कंत्राटदार कोण, हमी कधी संपते. तू नेरुळसाठी तसाच टाक. भारताची नागरिक नसशील तर अर्ज भाडेकरूच्या नावाने जाऊ दे, मी मजकूर लिहून देतो. प्रणवने उत्तरं आली की तक्त्यात भरायची, त्याला ते जमतं. शिरीषने चुका काढायच्या. संदीप, हे राजकारणात मोडत असेल तर आधीच सांग, म्हणजे अर्ज टाकून झाल्यावर वाद नको.

मोहनकाका

ता. क. अर्जाचा मसुदा जोडला आहे. फाइल उघडली नाही तर मुलाला सांगा, त्याने ती वेगळ्या कशात तरी साठवली आहे.