युरोपात एवढ्या बायका खासदार कशा काय होतात?

तासगावकरीण:
एमपीएससीचा अभ्यास चालूय त्यात हे वाचलं. आपल्याकडं 2024 ला लोकसभेत 543 पैकी 74 बायका आणि स्वीडनमध्ये जवळजवळ निम्म्या, ते पण आरक्षणाचा कायदा नसताना! मग त्याच युरोपात हंगेरीत 2022 ला 199 मध्ये तीस पण का नाहीत?

मिरजेचे सर:
ताई, सगळी मेख तिकीट वाटपात आहे. स्वीडनमध्ये मत मुख्यतः पक्षाच्या यादीला, एका मतदारसंघातून बरेच जण जातात. तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने 1994 च्या निवडणुकीला यादीत एक बाई एक पुरुष अशीच नावं लावली, मग कायद्याची गरजच पडली नाही. आपल्याकडं सीट एक, इच्छुक पन्नास, मग "इलेक्टिव्ह मेरिट" (निवडून यायची ताकद) काढायचं आणि बाईचं नाव कटाप. ब्रिटनमध्ये पण सीट एकच असते, पण तिथल्या लेबर पक्षाने 1997 च्या निवडणुकीला काही ठिकाणी तिकीट बाईलाच द्यायचं ठरवून टाकलं होतं. 2024 ला तिथं 650 पैकी 263 बायका.

कराडकर:
आमच्या प्रेमलाकाकी चव्हाण खासदार झाल्या तेव्हा कुठलं आरक्षण होतं ओ? दम पाहिजे माणसात

वाळव्याची सून:
दादा, काकींच्या आधी त्यांचे मिस्टर दाजीसाहेब खासदार होते की, घरात राजकारण नसलेल्या बाईने दम कुठं दाखवायचा? इथं सोडतीत वॉर्ड महिला निघाला की दुपारपर्यंत फ्लेक्स लागतो, वहिनींचा फोटो एवढासा आणि दादांचा केवढा मोठा. तरी त्यातल्या काही जणी दुसऱ्या टर्मला स्वतः बोलायला लागतात हे पण बघितलंय मी.

मिरजेचे सर:
बरोबर. आणि नुसत्या कायद्याचं सांगायचं तर फ्रान्स बघा, 2000 ला कायदा केला की निम्म्या उमेदवार बायका द्या नाहीतर सरकारी पैशात कपात, तर मोठ्या पक्षांनी कपात सोसली (पैसेवाल्यांना काय फरक पडतोय!) आणि 2002 ला 577 मध्ये 71 बायका. बेल्जियम जास्त हुशार, तिथं यादीतली पहिली दोन नावं दोन्ही पुरुषांची चालतच नाहीत. ताई, फिनलंड पण करून ठेवा, 1906 ला बायकांना मत आणि उभं राहायचा हक्क, 1907 ला 200 मध्ये 19 निवडून आल्या.

तासगावकरीण:
थँक्यू सर, बेल्जियमचं कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं