गुरुवारी रात्री "आज काय शिजणार?" : दर आठवड्याला एक एपिसोड बघायचे अनुभव

तापीकाठची
काल संध्याकाळी अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होते. पहिलं वांगं फुटलं, सालीतून सूं करून वाफ निघाली आणि आतून आईने हाक मारली, "आज गुरुवार ना गं, लागलं का ते बुटक्याचं?" मालिका संपून किती दिवस झाले, तरी वांगी भाजायचा वास आला की तिला गुरुवारच आठवतो. मलाही. म्हणून लिहायला बसले.

'डंजन मेशी' म्हणतेय मी. डेलिशस इन डंजन, जपानी कार्टून मालिका. २०२३ च्या डिसेंबरात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. लग्नाकार्यात शंभर माणसांचं भरीत एकहाती करणारी बाई पलंगावर पडून, आणि मी केलेलं जेवण तिच्या घशाखाली उतरेना. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. वरण केलं, खिचडी केली, शेजारच्या काकूंनी फुणके करून आणले, सगळं तेच. ४ जानेवारीला गुरुवार होता, रात्री तिच्या उशाशी बसून मी माझ्यासाठी पहिला एपिसोड लावला, तिच्यासाठी लावलाच नव्हता. त्यातल्या नायकाच्या, लायोसच्या, बहिणीला लाल ड्रॅगन गिळतो, तिला सोडवायला परत भुयारात उतरायचं तर पैसे नाहीत, मग ठरतं की वाटेत भेटतील ते राक्षस मारायचे आणि शिजवून खायचे. तिथे त्यांना सेन्शी भेटतो, बुटका, दाढीवाला, दहा वर्षांहून जास्त भुयारात राहून राक्षसांचा स्वयंपाक शिकलेला. तो भला मोठा विंचू कापायला घेतो तेव्हा आई पलंगावरून म्हणाली, "नांगी काढली का आधी त्याने?" आणि समोर त्याने खरंच नांगी काढून टाकली. आई म्हणाली, "मग जमेल याला."

त्या रात्री ती अर्धी भाकरी जेवली. बघत बघत, माझ्या हाताने.

मग दर गुरुवारी. मधल्या दिवसांत ती विचार करायची की पुढच्या वेळी काय करतील. चिलखतात राहणारा प्राणी निघाला त्या रात्री तर तिने मला सांगितलं की शिंपल्यासारखं दिसतंय, वाफवायला पाहिजे. स्लाइमचा चिकट गोळा धुऊन, आंबट रस लावून जाळीवर वाळवतात हे कळल्यावर म्हणाली, म्हणजे वाळवणच की, आपली कुरडई तरी काय वेगळी. मार्चमध्ये वॉकर आला. लायोस आपला पाय मुद्दाम ड्रॅगनच्या जबड्यात देतो त्या एपिसोडला तिने वॉकरचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. १३ जूनला शेवटचा लागला. एकूण २४, सलग २४ गुरुवार, एकदाही खाडा नाही, जपान्यांचाही नाही आणि आमचाही नाही. त्या रात्री ती स्वतः ओट्यापाशी उभी राहून लसूण ठेचत होती.

सगळे एपिसोड एकदम आले असते तर मी दोन रात्रीत बघून मोकळी झाले असते आणि आई तशीच पडून राहिली असती. तुम्ही कुणी असं आठवडा आठवडा थांबून बघितलंय का? हेच असं नाही, असलं हसवणारं, जादूबिदूचं काहीही. सांगा.

केळीचा_घड
ताई, वाचून अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांगा. मी यावलकडचा, केळीच्या गाड्या भरायच्या असतात त्यामुळे रात्री घरी कधी आणि शेतात कधी याचा पत्ता नाही. गाडी भरेपर्यंत बांधावर बसून मोबाईलवर बघायचो, रेंज एकाच ठिकाणी, विहिरीच्या कठड्यावर. मजूर म्हणायचे भाऊ काय बघून राहिले एवढं हसत. गोलेमच्या पाठीवर सेन्शी कोबी-गाजर लावतो तो एपिसोड मी त्यांना दाखवला, मातीचा राक्षस आणि त्याच्या पाठीवर भाजीपाला, पाणी द्यायला नको, राखण करायला नको, राक्षसच राखण करतो. आमचा एक म्हातारा बटाईदार फार वेळ बघत राहिला आणि म्हणाला असं जनावर मिळालं तर डुकरांचा त्रास संपला. पुढच्या आठवड्यापासून तोच विचारायचा, लागलं का आपलं वावर

मांडेवाली_मावशी
भरितात बामणोदची वांगी होती का?

तापीकाठची
हो मावशी, बामणोदचीच. हिरवी, लांबट, बी कमी.

मांडेवाली_मावशी
मग ठीक. बडगीत ठेचता की मिक्सर

तापीकाठची
आईसमोर मिक्सरचं नाव काढायची सोय नाही. लाकडी बडगी, आजीची.

जुनं_हॉस्टेल
माझा अनुभव दुसऱ्या मालिकेचा आहे, चालेल ना? कोनोसुबा, तेही जपानी कार्टूनच. जानेवारी २०१६, धुळ्यात इंजिनियरिंगला होतो, एका खोलीत चौघं आणि बघायला दहा, लॅपटॉप एकच आणि तोही चार्जर लावल्याशिवाय चालायचा नाही. तो काझुमा मेल्यावर दुसऱ्या जगात जातो आणि सोबत देवी घेऊन जातो ती काही कामाची नाही, त्यांच्यातली जादूगार पोरगी मेगुमिन दिवसातून एकच स्फोट करते आणि लगेच जमिनीवर आडवी, मग त्याने तिला पाठीवर टाकून घरी आणायचं. आमच्यात एक नंदुरबारचा होता, एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा, पेपर देऊन आला की कॉटवर तसाच पालथा पडायचा, पोरं म्हणायची झाला याचा आजचा स्फोट, उचला, आणि खरंच चौघं उचलून मेसला न्यायचो त्याला. दहाच एपिसोड होते. शेवटचा बघितला त्या रात्री कुणी झोपलं नाही, आता पुढच्या आठवड्याला काय. दुसरा सीझन २०१७ च्या जानेवारीत आला तोही तसाच एकत्र बघितला. मग पास आऊट, कुणी पुणे, कुणी दुबई, एक जण गावी मिरचीच्या धंद्यात. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिसरा आला तेव्हा त्या नंदुरबारवाल्याने रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावला, सहा जण जमलो, कुणाच्या मांडीवर पोरगं झोपलेलं, आणि मेगुमिनने पहिला स्फोट केल्यावर सहाच्या सहा जण एकदम ओरडलो "उचला". आठ वर्षांनी. पोरगं जागं झालं माझं. त्यानंतर दर आठवड्याला कॉल, सीझन संपेपर्यंत. अजून महिन्यातून एकदा होतो

पारोळेकर
तुम्ही नशीबवान, लाइट होती. आमच्याकडे रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, ९३ सालची गोष्ट. गावात टीव्ही तीन, आणि रविवारीच लाइट जायची. मग काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायची, वायरी जोडायच्या, पाटीएवढा काळा पांढरा टीव्ही, आणि समोर पन्नास पोरं. काका आधी शेतातलं काम सांगायचे, जो शेण उचलेल त्याला पुढची जागा. ते जपान्यांनी केलेलं होतं हे मला फार उशिरा कळलं, आम्हाला वाटायचं सातपुड्यातलंच आहे. बॅटरी उतरली की चित्र बारीक बारीक होत जायचं, मधोमध एक चौकोन राहायचा, तरी पोरं उठायची नाहीत.

शिरपूरची_सून
मोगली कॉमेडी नाही दादा, पण राहू दे, बॅटरीचं वाचून छान वाटलं. आमच्या माहेरी पण हेच.

ताई मी पण डंजन मेशीच. आमच्या घरात आजेसासू होत्या, नव्वदीच्या, अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायच्या नाहीत. मी रात्री भांडी आवरून बघायला बसले की त्या गोधडी घेऊन शेजारी. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून त्यांना अहिराणीत सांगायची, मला तेव्हा अहिराणी धड येत नव्हती, मी लग्न होऊन नाशिकहून आलेली. चुकलं की त्या दुरुस्त करायच्या. खरं सांगते, माझी अहिराणी तिथेच झाली. दर गुरुवारी सकाळपासून एकच प्रश्न, "आज काय रांधतीन त्या?" लायोसच्या टोळीतली जादूगारीण मार्सिल ओरडायला लागली की त्या हसून हसून पदर तोंडाला लावायच्या, म्हणायच्या हाई पोर तुन्हामायक शे, आधी नही नही करस आनि मंग सगळ्यासना आधी खास. म्हणजे ही पोर तुझ्यासारखीच, आधी नको नको करते आणि मग सगळ्यांच्या आधी खाते.

मे महिन्यात त्या गेल्या. उन्हाने, दोन दिवसांत. पुढचे एपिसोड मी एकटीने बघितले. शेवटाकडे सेन्शीच्या तरुणपणाची गोष्ट येते, भुयारात अडकलेले सगळे उपाशी, एकेक करत संपतात, आणि त्याला एक वाटी सूप मिळतं, ते कशाचं होतं या भीतीने त्याने इतकी वर्षं कुणाला काही सांगितलेलं नसतं. आजी मला बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायच्या, खडी फोडायला जायच्या, सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती गिळवायची नाही पण पोरांसमोर चावून दाखवायला लागायची. "भूक लागनी म्हनजे मानूस काय बी खास, पन इसरस नही." ते सूप तो परत चाखतो आणि रडतो तेव्हा मी अर्ध्यावर बंद केलं. शेजारी गोधडी तशीच होती. आठवड्याने परत लावून पूर्ण केलं.

तापीकाठची
काय लिहू. तुमचं वाचून दाखवलं आईला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तिला म्हणावं गोधडी वापरत जा.

शिरपूरची_सून
वापरते. लेक घेऊन झोपते आता.

घोडेबाजार
सारंगखेड्याचा आहे. केल्पीच्या एपिसोडवर मला बोलायचंय. सेन्शीने त्या पाण्यातल्या घोडीला वर्षानुवर्षं जीव लावला, नाव ठेवलं, आणि पाठीवर बसल्याबरोबर ती त्याला बुडवायला निघाली, लायोस म्हणतो राक्षसाला माया नसते. मला ते बिलकूल पटलं नाही त्या दिवशी. आमच्या आबांची घोडी होती, पांढऱ्या कपाळाची, आबा आजारी पडले तेव्हा ती चारा खाईना, खुंट्याशी मान खाली घालून उभी राहायची, आबांचा सदरा नेऊन दाखवला की तोंड लावायची. आठवडाभर माझं आणि धाकट्या भावाचं भांडण, तो म्हणे दादा ती घोडी नाहीच, घोड्यासारखी दिसते एवढंच. मी म्हणे सेन्शीला तरी ते कुठे माहीत होतं, त्याने तर खरीच माया केली. आई वैतागली, म्हणाली जेवताना तरी घोडी सोडा. पुढचा एपिसोड आला तेव्हा कुठे भांडण थांबलं. पण ती मेल्यावर सेन्शीने तिची चरबी काढून साबण केला, काही वाया घालवलं नाही, ते बघून आबा आठवले. आबा पण असेच होते. यात्रेत दत्तजयंतीला या कधी सगळे, घोडे दाखवतो

केळीचा_घड
दादा येतो. घोडी घ्यायची नाही, फक्त बघायला

घोडेबाजार
बघायलाच या, चहा माझ्याकडे

रात्रपाळी
भुसावळ. मालगाडीवर असतो, गुरुवारी रात्री घरी असेनच असं नाही. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या मुक्कामाच्या जागी, पोचलो की आधी स्वयंपाक्याकडे शिधा द्यायचा, मग आंघोळ, मग ताट येईपर्यंत मोबाईल. एकदा नाशिककडचा एक सीनियर शेजारी येऊन बसला, त्याने पाहिलं की चार जण भुयारात चूल मांडून बसलेत. म्हणाला ही तर आपलीच मंडळी, घरापासून लांब, मिळेल ते शिजवून खाणारी. पुढच्या वेळी तिथेच भेटलो तर त्यानेच विचारलं, पुढचा आला का. आमच्या ड्युट्या जुळायच्या तेव्हाच बघायचा असं ठरवलं, त्यामुळे आमचा 'आठवडा' कधी चार दिवसांचा कधी अठरा दिवसांचा. तो रिटायर झाला त्या दिवसापर्यंत आमचे २१ झाले होते. उरलेले तीन मी अजून बघितलेले नाहीत. तो भुसावळला येणार आहे भाचीच्या लग्नाला, तेव्हा

जुनं_हॉस्टेल
भाऊ मग वरची शिरपूरच्या ताईंची पोस्ट वाचू नका, शेवटचं आहे त्यात

रात्रपाळी
वाचली. हरकत नाही. उलट आता त्याच्यासोबतच बघायला पाहिजे.

पारोळेकर
दुसरा सीझन येणार का याचा?

जुनं_हॉस्टेल
शेवटचा एपिसोड लागला त्याच वेळी जाहीर केला होता त्यांनी. आला की परत आठवड्याला एकच, ठरलं, कुणी पुढे पळायचं नाही

शिरपूरची_सून
माझी लेक आता विचारते "मम्मी आज काय रांधतीन". तिला कुणी शिकवलं नाही हे.

मांडेवाली_मावशी
मला हे कार्टून काही माहीत नाही, पण सगळं वाचून काढलं, डोळे दुखले. तापीकाठची, आईला विचार कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालते. माझी चिरते हल्ली.

तापीकाठची
विचारलं. ज्वारी चार तर उडीद एक, काळा, सालासकट. मीठ दळायच्या आधीच घालायचं. आणि मावशी ती विचारतेय की पाणी कोमट घेता का गार?

मांडेवाली_मावशी
गार.

तापीकाठची
"मग चिरणारच." असं म्हणतेय आई.

मांडेवाली_मावशी
बरं. आज गिरणी बंद आहे, उद्या दळून आणते आणि सांगते.