लग्नाला चावीचं जुनं घड्याळ: शोभतं की उगाच हट्ट?

खानापूरकर
परवा बेळगावात मामेभावाच्या लग्नाला बाबांचं चावीचं घड्याळ, एचएमटी कंपनीचं सोना, घालून गेलो. मांडवात धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आज तरी चांगलं घड्याळ घालायचंस." ते मनाला लागलं, म्हणून इथं मांडतोय. माझ्या मते लग्नकार्यात यापेक्षा चांगलं घड्याळच नाही. पातळ केस, सोनेरी कडा, डायलवर अंकांच्या जागी बारीक रेघा, बस्स. शर्टाच्या बाहीखाली अलगद जातं, कुठं अडकत नाही. रोज आंघोळ झाली की चावी द्यायची. बोटाला ती जड लागायला लागली की थांबायचं. बाबा सकाळच्या बातम्या ऐकत हेच करायचे.

शहापूर
बाबांची आठवण मोलाची, त्याबद्दल वाद नाही. पण तो घड्याळाचा गुण नव्हे. माझं एचएमटीचंच जनता दिवसाला अर्धा मिनिट मागं पडतं. क्वार्ट्झमधला, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळातला, स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि आपल्या चावीच्या मशीनचे ठोके सेकंदाला 5. तुलना होणार कशी? त्यात तुमच्या खानापूरकडचा पाऊस! आषाढात कणकुंबीला गेलो होतो, परत येईपर्यंत काचेखाली वाफ धरली. महिन्याभरात सेकंदकाटा गंजला. दुरुस्तीला गेले तेवढ्या पैशात नवीन क्वार्ट्झ आलं असतं.

निपाणीकर
अर्धा मिनिट मागं पडल्यानं अक्षता चुकत नाहीत हो! 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. जनता म्हणजे साध्या माणसाला परवडावं म्हणून केलेलं घड्याळ, डायलवर देवनागरीत नाव. आमच्या घरी आजोबांनी तंबाखूच्या वखारीतल्या पहिल्या पगारातून घेतलेलं आजही चालतंय. पुढं क्वार्ट्झ आलं, टायटन आलं, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणून जुनी आहेत ती जपायची.

टिळकवाडी
जपा, पण ऑनलाइन घेताना सांभाळा. घरातलं असेल तर गोष्ट वेगळी. बाजारात 'जुनं, अस्सल' म्हणून येणाऱ्या पुष्कळ घड्याळांची डायल नव्यानं रंगवलेली असते. मी असं एक घेतलं होतं. भिंगाखाली धरलं तर नावाची अक्षरं भिजल्यासारखी पसरलेली, मिनिटाच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, आत तीन घड्याळांचे सुटे भाग. साधेपणाच्या नावाखाली हे विकलं जातं याचा मला राग येतो.

शहापूर
हेच म्हणतोय मी. साधं, पातळच हवं तर क्वार्ट्झमध्येही मिळतं की.

खानापूरकर
मिळतं, पण त्याचा सेकंदकाटा एकेक उडी मारत जातो, चावीच्या घड्याळाचा सरकत जातो. मला त्यातच जीव वाटतो. टिळकवाडी, तुमचं शंभर टक्के पटलं, विकत घेणाऱ्यानं आधी भिंग घ्यावं. आणि शहापूर, पावसाचंही मान्य. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सोना कपाटात, आठवड्यातनं एकदा चावी. काचेवरचे ओरखडे मात्र मी टूथपेस्ट लावून मऊ कापडानं हळूहळू घासून काढलेत. काच प्लास्टिकची असल्यानं ते जमतं. भावाला काल तेच स्वच्छ झालेलं घड्याळ दाखवलं. त्यानं हातात घेतलं, कानाला लावलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.