अनुभव धागा : ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टींचं काय झालं?

माझे बाबा सवाईचे, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे, जुने श्रोते. रमणबागेत रात्रभर मैफली चालायच्या तेव्हापासूनचे. पहाटे कुडकुडत घरी यायचे आणि आईला उठवून कोण काय गायलं ते सांगायचे. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव म्हणजे आमच्या घरची दुसरी दिवाळी. नोकरीला लागल्यावर मी दर डिसेंबरला दोन सीझन पास काढायला लागले, एक त्यांचा, एक माझा. बाबा भारतीय बैठकीत शाल पसरून माझी जागा धरून ठेवायचे.

उत्सव मुकुंदनगरला गेला तोवर माझ्याकडे अमेरिकेतल्या क्लायंटचं काम आलं होतं. कॉल संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे नेमका गाणं रंगायच्या वेळी. ‘निघालीस का?’ असा बाबांचा मेसेज यायचा. ‘तुम्ही ऐका, पुढच्या वर्षी नक्की,’ असं मी लिहायचे. चार वर्षांत मी एकदाच पोचले, तेही शेवटच्या गाण्याला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबा गेले. ती शाल माझ्याकडे आहे.

मला माझं काम आवडतं. कुणी मला अडवलं नव्हतं. पण त्या चार वर्षांत मी कॉलची वेळ बदलून द्या असं एकदाही म्हटलं नाही. बाबा गेल्यावर एकदा म्हटलं, तर समोरून दोन मिनिटांत होकार आला. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

म्हणून विचारते आहे. नोकरी, पद, पगार यांच्या मागे असताना तुम्ही काय नंतरवर टाकलं? ते पुढे मिळालं का? उपदेश नको, घडलं ते लिहा.

—

धनकवडी, वय ४४

मी ११ वर्षं धनकवडी ते हिंजवडी फेज तीन असा प्रवास केला. सकाळी सातला कात्रजला कंपनीची बस. कात्रज, वारजे, चांदणी चौक, मग वाकडपासून पुढे मुंगीच्या पावलांनी. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला तेव्हा आम्ही बसमधले सगळे खूश झालो होतो. चौक पुढे खरंच मोकळा झाला, वाकडच्या पुढचं मात्र होतं तसंच राहिलं.

एका पावसाळी संध्याकाळी भूमकर चौकात बस पाऊण तास जागची हलली नाही, तेव्हा मी मोबाइलवर हिशेब मांडला. रोजचे साडेतीन तास, वर्षाचे २३० दिवस. ८०५ तास झाले, म्हणजे वर्षातले तेहतीस दिवस अहोरात्र मी बसमध्ये. आणि घरी सांगत होतो की सुट्टी मिळत नाही.

सहा महिने शोधून स्वारगेटजवळ नोकरी धरली. पगार २८ टक्क्यांनी कमी. रावेतला दुसरा फ्लॅट बुक करायचं चाललं होतं, ते सोडून दिलं. बरोबरचे दोघे आज डायरेक्टर आहेत आणि त्यांच्या बातम्या कळल्या की आजही पोटात थोडं हलतं, ते लपवत नाही.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. मी हे केलं मुलीसाठी. संध्याकाळी तिला घेऊन तळजाईवर जायचं हे चित्र कितीतरी वर्षं डोळ्यांपुढे होतं. मी सहाला घरी यायला लागलो तोवर ती तेरा वर्षांची झाली होती. पहिल्या आठवड्यात दोनदा आली, मग म्हणाली, ‘बाबा, माझ्या मैत्रिणी खाली थांबल्यात.’ तिचं काही चुकलं नाही. आता मी आणि बायको जातो. आम्ही दोघं इतकं बोलतो हे मलाच माहीत नव्हतं. तरी टेकडीवर एखादा बाप लहान मुलीचं बोट धरून चाललेला दिसला की मी थोडा वेळ बोलत नाही, आणि बायकोला ते कळतं.

—

नारायण पेठ, सीए, वय ३३

जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी गेली. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे पोचलं. तेव्हा मी अशाच एका मोठ्या फर्ममध्ये होते आणि टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर होती. रात्री दीड वाजता घरी आले तर आई स्वयंपाकघरात बसलेली, हातात फोन. तिनं ते पत्र मला वाचून दाखवलं नाही, नुसता फोन पुढे केला आणि ताट वाढायला उठली.

त्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय झालं याबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या बाबतीत काय चाललं होतं ते मला माहीत होतं. पाळी तीन महिने अनियमित होती. झोपेत आकडे दिसायचे. हाताखालच्या मुलांना मी रात्री अकराला फाइल पाठवत होते, कारण मला वरून साडेदहाला यायची. माझ्यावरचा दाब मी जसाच्या तसा खाली ढकलत होते, आणि ‘टीम चांगली सांभाळते’ म्हणून माझं कौतुक होत होतं. ते कौतुक आठवलं की अजून लाज वाटते.

मार्चमध्ये राजीनामा दिला. आता दोघी मैत्रिणी मिळून छोटी प्रॅक्टिस चालवतो. सप्टेंबर अजूनही जड जातो, त्यात फरक नाही. पण आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधी उमेदवारी करणारी, मुलं रात्री आठला ऑफिसमधून बाहेर पडलेली असतात. एखाद्या क्लायंटचं काम त्यामुळे हातून गेलं तर जाऊ द्यायचं, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. दोन गेले. आईला अजून ते कमाईचे आकडे सांगितलेले नाहीत.

—

एरंडवणे, डॉक्टर

वरच्या ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक, असं त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या पेशंटना मी आठवड्याचे तास विचारतो. बहुतेकांना सांगता येत नाहीत. बायकोकडे बघतात, आणि त्या लगेच आकडा सांगतात.

—

हडपसर, मूळ लातूर जिल्हा, वय ३५

सगळं वाचलं. डोळ्यात पाणीही आलं. पण माझा अनुभव उलटा आहे आणि तो इथं असायला पाहिजे असं वाटतं.

मी पुण्यात आले तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत पाच जणी, आणि महिन्याअखेरीला एकच डबा दोघीत. आमच्याकडं बारावीनंतर माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुलींची लग्नं झाली. वडिलांनी कर्ज काढून मला इंजिनिअरिंगला घातलं, तेव्हा भावकीतली माणसं घरी येऊन त्यांना वेड्यात काढून गेली. पहिल्या वर्षाच्या पगारातून मी घरी न्हाणीघर आणि संडास बांधून घेतला. आई पन्नाशीला आली होती, तोवर अंधार पडायची वाट बघत होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात आईच्या दारात टँकरचं पाणी येत होतं ते माझ्या पगारावर.

मला प्रमोशन मिळालं की आनंद होतो, खरा आनंद. मगरपट्ट्यात ऑफिसच्या काचेतून खाली बघताना मला रिकामं-रिकामं वाटत नाही. मीटिंगमध्ये माझं म्हणणं ऐकून घेतात, माझ्या सहीनं कामं पुढं सरकतात. माझ्या आईच्या सहीला कधी कुणी विचारलं नव्हतं. मुलगी झाली तेव्हा २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती रजा पूर्वी १२ आठवड्यांची होती, कायदा २०१७ ला बदलला. परत कामावर गेले तर सोसायटीतल्या बायका विचारायच्या, ‘एवढ्या लवकर? बाळाला सोडवतं तुला?’ माझ्या नवऱ्याला एकानंही विचारलं नाही.

नोकरी एका पारड्यात आणि समाधान दुसऱ्या पारड्यात, असं ज्यांना तोलता येतं त्यांच्या घरात आधीच्या एका पिढीनं कमावून ठेवलेलं असतं. हे रागानं लिहीत नाही. पण वाचणाऱ्यांत माझ्यासारखी एखादी नवीन लागलेली मुलगी असेल, तर तिनं चांगल्या पगाराबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नये, म्हणून लिहिलं. नंतरवर मी काय टाकलं विचाराल तर पोहायला शिकणं. ते या मेमध्ये शिकले.

—

धागा सुरू करणारी

हडपसरच्या ताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. माझ्या आजोबांनी दुकानात पावत्या फाडल्या म्हणून बाबांना रमणबागेत रात्रभर बसता आलं. प्रश्न विचारताना हे माझ्या ध्यानात नव्हतं.

—

कोथरूड, वय ४६

मी एका झटक्यात सगळं सोडलं होतं. १८ वर्षांची नोकरी सोडून कॅफे काढला. लोकांना खाऊ घालायला मला मनापासून आवडतं, घरी वीस माणसं आली तरी मी एकटा स्वयंपाक करतो. १४ महिन्यांत कॅफे बंद केला. डिपॉझिट, फर्निचर, मशीन, दोन माणसांचे पगार, आणि पावसाळ्यात रिकामी टेबलं. पीएफ त्यात गेला, बायकोची एक एफडीही मोडली. खाऊ घालणं आणि कॅफे चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गल्ल्यावर बसून मी दिवसभर भाड्याचा विचार करायचो, आत रांधायला दुसराच माणूस होता. परत नोकरी धरली, आधीपेक्षा एक पायरी खालची. दर शनिवारी घरी पंगत असते, ती मात्र चालू आहे. ज्यांच्या डोक्यात राजीनाम्याचं चाललंय त्यांनी निदान वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून ठेवा, आणि त्या पैशाला धंद्यात हात लावू नका. मी लावला.

—

कर्वेनगर, वय ४२

कॉलेजात तीन वर्षं पुरुषोत्तम केलं, म्हणजे पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये लेक्चरला दांडी, रात्री उशिरापर्यंत तालमी, भरत नाट्य मंदिरात पडदा उघडायच्या आधी घशाला कोरड, आणि बाहेर ‘अरे आवाज कुणाचा!’ १९६३ पासून पुण्यातल्या किती पोरांनी हे अनुभवलं असेल. शेवटच्या वर्षी अभिनयाचं बक्षीस मिळालं. कॅम्पसमधून नोकरी लागली. दोन वर्षं पैसे साठवू, मग नाटक, असं ठरवलं होतं. त्या दोन वर्षांची अठरा झाली.

गेल्या वर्षी एका प्रायोगिक ग्रुपमध्ये गेलो. पंचविशीतली मुलं, त्यांनी फार आपुलकीनं घेतलं. आणि मला जमेना. पाठांतर राहीना. आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईना. सर्वांत वाईट म्हणजे स्टेजवर उभा राहिलो की मीटिंगमध्ये बोलतो तसाच बोलायचो, नीट, सावध, कुणाला काही लागू नये असं. दिग्दर्शक मुलगी एकदा म्हणाली, ‘दादा, चिडा ना खरंच.’ मला चिडता आलं नाही. अठरा वर्षं न चिडण्याचेच पैसे मिळाले होते.

घरी येऊन रडलो. दोन आठवडे तालमीला गेलो नाही. मग त्या मुलीचाच फोन आला, लाइटवाला आजारी आहे, क्यू द्यायला येता का? गेलो. अंधारात स्क्रिप्ट घेऊन बसलो, समोर ती पोरं, आणि माझ्या हाताच्या बोटावर त्यांची संध्याकाळ होत होती. तेव्हापासून मी प्रकाशयोजना शिकतोय. नट होणं राहूनच गेलं, ते आता होणार नाही. या गोष्टीचं दुःख आहे आणि ते मला कुणी हलकं करून सांगू नये.

—

शनिवार पेठ

मी बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये उभी केलेली संस्था, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. ३० वर्षं तिच्या दारावरून बँकेत गेलो. आजोबांच्या ट्रंकेतला एक मोडी कागद परवा वाचून लावला. जमिनीचं काही असेल वाटलं होतं. निघालं बैलाच्या खरेदीचं, बैलाच्या नावासकट.

—

औंध, वय ७१

मुलानं हा धागा वाचायला दिला. फोनवर लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझा मुलगा बाणेरला राहतो, आमच्यापासून पाच किलोमीटर. मोठ्या हुद्द्यावर आहे. यांना जाऊन तीन वर्षं झाली. पूर्वी मुलगा ‘येतो’ म्हणायचा आणि यायचा नाही, मी दोन माणसांचं करून ठेवायची आणि सकाळी शिळं खायची. मी कधी बोलले नाही. तुम्ही सगळे आईवडिलांचं लिहिताय म्हणून सांगते, आम्हीही बोलत नाही, हा आमचाही दोष आहे.

मागच्या वर्षी एकदा त्याचा लॅपटॉप इथं टेबलावर उघडा होता. त्यात आठवड्याचे चौकोन असतात ना, निळे, हिरवे. बुधवारी साडेसात ते नऊच्या चौकोनात ‘आई’ लिहिलेलं होतं, आणि वरखाली सगळ्या मीटिंगा. मला आधी फार वाईट वाटलं. रात्रभर तेच डोक्यात होतं, मी याच्या कामांपैकी एक काम झाले का.

मग दोनतीन महिने नुसतं बघितलं. सोमवारच्या मीटिंगा शुक्रवारी जातात, शुक्रवारच्या रद्द होतात, तो फोनवर सारखं इकडचं तिकडे करत असतो. बुधवार हलला नाही. एकदा ताप होता तरी आला, मी परत पाठवला.

आता बुधवारी दुपारीच भाजणी काढून ठेवते. थालीपीठ तव्यावर असताना तो ओट्याशी उभा राहून पहिलं तिथंच खातो, लहानपणी खायचा तसं.