जबड्याचं ऑपरेशन झालंय, भावाचं रात्रीचं दुखणं थांबत नाही

कृष्णाकाठची

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ, वय २६. गेल्या आठवड्यात रात्री कारखान्यावरून घरी येताना रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. जबडा दोन ठिकाणी मोडला, डावीकडे कानाखालच्या कोपऱ्यात आणि उजवीकडे हनुवटीपाशी. सांगलीत ऑपरेशन करून प्लेट बसवल्या आणि वरचे-खालचे दात तारेनं बांधले. आज चौथा दिवस. परवा घरी सोडलं.

दवाखान्यात सलाईनमधून औषध चालू होतं तोवर बरा होता. घरी आल्यापासून दिवस कसाबसा जातो, पण रात्री एक-दोनच्या सुमाराला मुठी आवळून उठून बसतो, डोळ्यांतून नुसतं पाणी. बोलता येत नाही, मोबाईलवर टाइप करून दाखवतो. काल लिहिलं, ‘कानात सुरी फिरवल्यासारखं होतंय.’ कानाला तर काहीच लागलेलं नाही!

एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली आहे. आई म्हणते पेनकिलरनं किडनी जाते, सोसत असेल तर नको घेऊस. तोही आईचं ऐकून गोळी पुढं ढकलतो. काल दाजींनी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची आणखी एक स्ट्रिप आणली, ती वरून द्यावी का? सगळ्या गोळ्या कुटून पाण्यातून देतोय. सूज पहिल्या दिवसापेक्षा जास्त दिसतेय, जीव घाबरा झालाय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

वाशिष्ठी

ताई, आधी दाजींनी आणलेली स्ट्रिप बाजूला ठेवा. एसिक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन एकाच जातीची, सूज आणि दुखणं कमी करणारी औषधं. एकावर एक घेतली की गुण दुप्पट येत नाही, पोटाला आणि किडनीला मात्र त्रास. शिवाय पॅरासिटामॉल दोन्हींत आहे. आणि सकाळीच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. घरी सोडलं म्हणजे आता विचारायचं नाही असं काही नसतं.

मी चिपळूणची, शाळेत शिकवते. २०१८ मध्ये स्कूटरच्या चाकात ओढणी अडकली आणि हनुवटीवर आपटले. खालचा जबडा मोडला, पाच आठवडे दात बांधलेले होते. म्हणून ती ‘कानातली सुरी’ मला चांगली माहीत आहे. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, आणि खालचा जबडा व कानाजवळचा भाग यांची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्या नेतात. मोडलंय एकीकडे, ठणका दुसरीकडे, असं होतं. कानातून रक्त किंवा पाणी येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर मात्र लगेच दाखवा.

आता मुख्य गोष्ट. दुखणं अंगावर काढू नका. मीही तेच करत होते. गोळी समोर ठेवून ‘अजून अर्धा तास बघू’ म्हणायचे. मग गोळी घेतली तरी गुण यायला अर्धा-पाऊण तास, आणि तोवर दात आपोआप आवळले जायचे. दात आधीच तारेत बांधलेले, त्यात जबड्याचे स्नायू कडक झाले की हाडाचं दुखणं राहिलं बाजूला, स्नायूंचंच नवीन सुरू व्हायचं. पहिले काही दिवस गोळी दुखण्याकडे बघून घ्यायची नसते, घड्याळाकडे बघून घ्यायची असते.

मी घरातली एक चौरेघी वही घेतली आणि रकाने पाडले. वेळ, औषध, दहापैकी किती दुखतंय, किती पाणी गेलं. दोन दिवसांत दिसलं की आठ आणि नऊ हे आकडे सगळे रात्री एक ते चारमधले. संध्याकाळची गोळी सातला घेत होते, मध्यरात्रीनंतर तिचा असर संपत होता. ते पान डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जोडगोळी (दोन औषधं एकत्र असलेली) बंद करून पॅरासिटामॉलचं सिरप दर सहा तासांनी वेगळं दिलं, सुजेची गोळी दोनदा, काहीतरी पोटात गेल्यावर, आणि तिची दुसरी वेळ झोपायच्या आधी. रात्री दोनचा गजर लावून आई सिरप द्यायची. तिसऱ्या रात्री मी पहिल्यांदा सलग चार तास झोपले. तुमच्या भावाचं वजन, पोटाचा त्रास, बाकी औषधं बघून त्याचं त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं, पण वही आजपासून सुरू करा. ‘रात्री फार दुखतं’ एवढ्यावर फोनवर कुणाला काही ठरवता येत नाही.

आईंच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही. सुजेच्या गोळ्या महिनोन्महिने मनानं घेतल्या, आधीच किडनीचा आजार असला किंवा अंगात पाणी कमी असलं, तर किडनीला धोका असतोच. तरुण, निरोगी माणसाला डॉक्टरांनी मोजून दिलेल्या चार-सहा दिवसांच्या कोर्सची गोष्ट वेगळी. पण तारा बांधलेला माणूस पाणी फार कमी पितो, हे आईंना जरूर सांगा. गिळताना दुखतं म्हणून टाळतो. त्यांना किडनीची काळजी असेल तर गोळी बंद करण्यापेक्षा तासातासाला पाणी, ताक, गाळलेली पेज, मुगाचं कढण त्यांच्याच हातानं द्यायला सांगा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय समजा. मला ५० मिलीच्या सिरिंजला रबरी नळीचा तुकडा लावून दिला होता. नळी गालाच्या आतून मागच्या दाढेपर्यंत सरकवायची आणि हळूहळू सोडायचं. नाचणीचं सत्त्व दोनदा गाळूनसुद्धा नळी तुंबायची, मग आई ते मलमलच्या फडक्यातून गाळायला लागली.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा जास्त दिसली तर घाबरू नका. पण आज कालच्यापेक्षा वाढली असेल, ताप असेल, तोंडाला घाण वास किंवा पू असेल, गिळायला वा श्वास घ्यायला जड जात असेल, तर फोन नाही, थेट दवाखाना.

झोपताना पाठीमागे दोन लोड देऊन अर्धवट बसता ठेवा. आडवं झालं की चेहऱ्यात रक्त उतरून ठणका वाढतो. रात्रीच्या दुखण्याचं निम्मं कारण तेच असतं, असं मला तरी वाटतं. आणि उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवा. अंधारात मोबाईल शोधण्यापेक्षा चमचा वाजवणं सोपं. हाक मारता येत नाही याची फार भीती वाटते हो, ती कमी झाली तरी बरं वाटतं.

निपाणीचा_दादा

आमच्याकडे मुका मार लागला की गरम तेलानं चोळून शेकतात. सूज दोन दिवसांत उतरते. गोळ्यांपेक्षा ते करून बघा.

औषधवाला_लातूर

दादा, मुक्या माराचं वेगळं. इथं आत टाके आणि प्लेट आहेत, चोळायचं अजिबात नाही. पहिले दोन दिवस बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, त्यानंतर डॉक्टर हो म्हणाले तर कोमट कापडाचा हलका शेक, एवढंच.

ताई, मी १४ वर्षं मेडिकल चालवतोय, म्हणून कुटलेल्या गोळ्यांबद्दल लिहितो. सरसकट कुटू नका. पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) दिली असेल तर तिच्यावर आवरण असतं, कुटली की पोटातल्या आम्लानं ती वायाच जाते. नावापुढं ‘एसआर’ असलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांना सांगा, ‘दात बांधलेत, पातळ औषध लिहून द्या.’ पॅरासिटामॉलच्या सिरपच्या बाटलीवर ताकद वाचा. लहान मुलांचं ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, २५० चंही मिळतं. ५०० मिलिग्रॅम द्यायचं तर २५० वाल्याचे १० मिली लागतात आणि १२५ वाल्याचे २०. मोठ्या माणसाला सगळं धरून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, सर्दीच्या गोळ्यांमधलं धरून.

ट्रॅमाडॉल (जोरदार पेनकिलर) दिलं असेल तर मळमळ होऊ शकते, आणि दात बांधलेल्या माणसाला उलटी ही साधी गोष्ट नाही. मळमळ सुरू झाली की लगेच कळवा. उलटी आलीच तर त्याला पुढं वाकवून बसवा, पातळ असेल तर दातांच्या फटींतून बाहेर येतं. तारा कापायचा कटर दिलाय का? नसेल तर आजच मागा, आणि नेमक्या कुठल्या तारा कापायच्या ते घरातल्या दोघांनी बघून घ्या. तो कटर त्याच्या जवळ असायला हवा, कपाटात नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी फोन केला. डॉक्टरांनी जोडगोळी बंद केली, सिरप आणि सुजेचं औषध वेगवेगळं, वेळा ठरवून दिल्या. पँटोप्राझोल आम्ही खरंच कुटत होतो, तेही बदललं. कटर डिस्चार्जच्या पिशवीत तळाशी होता, आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं! आता दाजींनी तो दोरीनं पलंगाला बांधलाय. सूज कालच्याइतकीच आहे, ताप नाही.

काल रात्री गजर लावून आईनंच औषध दिलं. वहीत रात्री दोनला पाच आकडा आहे, परवा नऊ होता. साडेतीनला चमचा वाजला तेव्हा मी धावत गेले, तर त्याला पेज हवी होती.

एक राहिलं. खालचा ओठ आणि हनुवटी उजव्या बाजूला बधिर आहे म्हणतो. हे असंच राहणार का?

वाशिष्ठी

पाच आकडा वाचून फार बरं वाटलं. वही ठेवा चालू.

हनुवटीपाशी मोडलं की ओठाची नस दुखावते, डॉक्टरांना पुढच्या तपासणीत दाखवून नोंद करून घ्या. माझ्या ओठाला दोन महिन्यांनी मुंग्या यायला लागल्या आणि सातव्या महिन्यापर्यंत बरंचसं परत आलं, अजून बोटाच्या पेराएवढा एक ठिपका बधिर आहे. प्रत्येकाचं वेगळं असतं. मुंग्यांऐवजी जळजळ किंवा शॉक बसल्यासारखं व्हायला लागलं तर मात्र थांबू नका, नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, साध्या पेनकिलरनं त्याला फारसा फरक पडत नाही. तोवर पेज-चहा देताना आधी तुमच्या मनगटावर थेंब टाकून बघा, तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसा. त्याला भाजलेलं कळणार नाही.