'इम्पॅक्ट सेन्सर ट्रिप झालाय' म्हणून वॉरंटी नाकारली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला हवा आहे.

माझा मिररलेस कॅमेरा घेऊन ९ महिने झाले. गेल्या आठवड्यात शटर अडकलं. बटण दाबलं की अर्धवट 'टक्' आवाज, स्क्रीनवर एरर. बॅटरी काढून घातली की दोन-चार फोटो निघतात, मग पुन्हा तेच. लेन्स काढून पाहिलं तर शटरचं एक पातं फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोर तिरकं थांबलेलं. वॉरंटी २ वर्षांची आहे, म्हणून निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला दिला.

चार दिवसांनी फोन आला. "आतला इम्पॅक्ट सेन्सर ट्रिप झालाय, कॅमेरा पडलेला आहे, वॉरंटी लागू होणार नाही." कुठला सेन्सर, नोंद कधीची, असं विचारलं तर "सिस्टीममध्ये दिसतंय" एवढंच. लेखी काहीही नाही.

कॅमेरा हातातून कधीच पडलेला नाही. पण दोन महिन्यांपूर्वी गाडीत जोरात ब्रेक लागला तेव्हा सीटवरची कॅमेऱ्याची बॅग खाली घसरली. चेन लावलेली होती, कॅमेरा बंद होता, फोमच्या कप्प्यात होता. त्यानंतर हजारभर फोटो काढले, एकदाही कुरबुर नाही. बाहेर ओरखडा नाही, हॉटशूची (वर फ्लॅश बसवायच्या खाचेची) कड सरळ, लेन्स बसते त्या माउंटची रिंग जशीच्या तशी. ही बॅगेची गोष्ट मी सेंटरला सांगितलेली नाही आणि तेच मनाला खातंय. सांगू का?

असा सेन्सर खरंच असतो का? कॅमेरा बंद असताना तो काही नोंदवू शकतो का? आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: धक्का बसला होता हे मान्य केलं, तरी शटर त्यानेच बिघडलं हे ठरवलं कशावरून? शिवाय बंद कॅमेरा हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. तेही माझ्यावरच शेकेल का?

प्रतिसाद १
खुळखुळण्याची काळजी सोडा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत वीज बंद झाली की फोटो टिपणाऱ्या सेन्सरची पाटी मोकळी होते, तिचा आवाज येतो.

फोटो आडवा की उभा हे कळण्यासाठी आणि स्क्रीनवरच्या लेव्हलसाठी कॅमेऱ्यात अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, स्टॅबिलायझेशनसाठी कॅमेऱ्याचं फिरणं मोजणारा जायरो. दोन्हींना वीज लागते, वीज नसताना ते काही मोजत नाहीत. विजेशिवाय काम करतं ते पार्सलच्या खोक्यावर लावतात तसलं लेबल. ठरावीक धक्क्यापलीकडे त्यातली नळी लाल होते. तसं काही आत सापडलं असेल तर फोटो मागा. लाल नळीवरून धक्का बसला एवढंच कळतं, तारीख कळत नाही.

थोडा हिशेबही करा. १ मीटरवरून पडून १ मिलिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) धक्का बसतो. तुमची बॅग सीटवरून ४० सेंटीमीटर पडली आणि फोम २ सेंटीमीटर दबला असं धरलं, तर होतात २० जी, म्हणजे त्या मानाने कितीतरी हलका धक्का.

प्रतिसाद २
मी दुरुस्तीच्या कामात आहे. पडलेला कॅमेरा उघडला की बहुतेक वेळा दिसतोच: स्क्रू बसतात ते प्लॅस्टिकचे खांब तडकलेले, चौकट वाकलेली, माउंट तिरपं झालेलं. यातलं काही असेल तर ते फोटो दाखवतील. काहीच नसेल, तर नुसत्या 'सिस्टीममध्ये दिसतंय'वर वॉरंटी नाकारणं मला पटत नाही. ड्रोनची गोष्ट वेगळी, त्यात फ्लाइट लॉग असतो आणि वॉरंटी ठरवताना तो तपासतात.

बॅगेची गोष्ट मात्र सांगून टाका. नंतर निघाली तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. आणि पैसे देऊन दुरुस्तीला इतक्यात होकार देऊ नका. एकदा भाग बदलला की जुनं शटर पुन्हा तपासायला मिळेलच असं नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच मेल टाकला: बॅग घसरल्याचं सविस्तर लिहिलं, नोंदीची तारीख, आतले फोटो आणि नकाराचं लेखी कारण मागितलं. शटर काउंटही (शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा) मागू का? माझ्या अंदाजाने १२,००० च्या आसपास असेल.

प्रतिसाद २
जरूर मागा, जॉबशीटवर लिहूनच घ्या. आजकालची बरीच शटर १,००,००० किंवा २,००,००० क्लिकपर्यंत तपासलेली असतात. १२,००० वर पातं अडकलं आणि आत तडा नाही, तर दोष शटरमध्येच असण्याची शक्यता जास्त. मेलमध्ये हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवा.